क्योतोजवळ एक निवांत दिवस: आईसोबत ओमीहाचिमानला जावे का?

शांतवाट यांचा प्रश्न

नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि माझी आई जपानला जाणार आहोत आणि त्यातले पाच दिवस आमचा मुक्काम क्योतोमध्ये आहे. आई 71 वर्षांची आहे. सपाट रस्त्यावर ती तास-दीड तास न थकता चालते, मात्र पायऱ्या चढताना तिचे गुडघे दुखतात. कियोमिझुदेरा आणि फुशिमी इनारी ही दोन ठिकाणे तिला पाहायचीच आहेत, त्यामुळे तिथली गर्दी आम्ही गृहीत धरली आहे. परंतु पाचांपैकी एक दिवस तरी असा असावा की सकाळी निघून एखाद्या लहान गावात जावे, सावकाश हिंडावे, पाण्याकाठी बसावे आणि घड्याळाकडे न पाहता परतावे, अशी तिची इच्छा आहे. सहल आखताना तिने स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट असल्याने मला ती नीट जमवायची आहे.

उजी, ओहारा आणि ओमीहाचिमान अशी तीन नावे माझ्यासमोर आहेत. उजीचे ब्योदोइन आणि ओहाराचे सांझेन-इन या मंदिरांविषयी पुष्कळ वाचायला मिळाले, पण ओमीहाचिमानविषयी मराठीत जवळपास काहीच सापडले नाही. जुना कालवा, व्यापाऱ्यांची घरे आणि वेतांच्या (पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताच्या) बेटांमधून जाणारी वल्ह्याची नाव एवढेच कळले. तिथे पूर्ण दिवस द्यावा की अर्धा पुरेल? होडीत चढणे-उतरणे वयस्कर व्यक्तीला जमेल का? आम्ही दोघीही शाकाहारी आहोत, अंडे चालते, मासे मात्र अजिबात नाहीत. तेव्हा जेवणाचे काय करावे? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

बिवाकाठ यांचे उत्तर

नोकरीनिमित्त तीन वर्षे मी ओत्सू शहरात राहत होतो आणि त्या काळात ओमीहाचिमानला निदान पंधरा वेळा तरी गेलो असेन. तुम्ही ज्या प्रकारचा दिवस शोधत आहात त्यासाठी तिन्हींपैकी हेच गाव निवडावे, असे मी निःशंकपणे सांगेन. उजी सुंदर आहे, 1053 साली उभारलेले ब्योदोइनचे फिनिक्स दालन पाहायलाच हवे. पण हल्ली माच्चा चहाच्या ओढीने येणाऱ्यांमुळे स्थानकापासून मंदिरापर्यंतचा रस्ता दुपारी भरून गेलेला असतो. ओहारा शांत आहे, परंतु क्योतोहून बसने तासभर लागतो आणि नोव्हेंबरमध्ये पानांचे रंग पाहायला जाणाऱ्यांची त्या बसला मोठी गर्दी असते. आईंना तासभर उभे राहावे लागले तर निवांतपणा तिथेच संपेल.

ओमीहाचिमान शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या पूर्व काठाजवळ आहे. क्योतो स्थानकावरून जेआर रेल्वेच्या बिवाको मार्गावरील शिन्काइसोकु, म्हणजे विशेष जलद गाडीने साधारण 35 मिनिटांत पोहोचता येते. या गाडीच्या साध्या डब्यांना जादा आकार नाही. एका बाजूचे भाडे 700 येनच्या आसपास पडते आणि प्रवासाचे इकोका कार्ड चालते. फक्त चढण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत जाते ते फलाटावरील पाटीवर पाहून घ्या, कारण यातील काही गाड्या अलीकडच्या यासु स्थानकातच थांबतात. माइबारा किंवा त्यापुढील नाव लिहिलेली गाडी तुमची.

स्थानकाबाहेर पडल्यावर मात्र निराश होऊ नका. समोर दिसते ते कोणत्याही लहान जपानी शहरासारखे रुंद रस्त्यांचे, मोठ्या दुकानांचे गाव आहे आणि अनेकांना पहिल्यांदा वाटते की आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. जुने गाव तिथून उत्तरेला सुमारे दोन किलोमीटरवर, हाचिमान टेकडीच्या पायथ्याशी आहे. बसने थोड्याच मिनिटांत तिथे जाता येते. जुने गाव आगगाडीपासून असे दूर राहिले हे त्याच्या शांततेचे एक कारण आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

दुसरे कारण जाणून घेतल्याशिवाय मात्र त्या कालव्याकाठी बसू नये, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा याचा आझुची किल्ला इथून जवळच होता आणि 1582 मध्ये नोबुनागाच्या मृत्यूनंतर तो जळाला. पुढे नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या तोयोतोमी हिदेयोशीचा भाचा हिदेत्सुगु याने, अजून विशीही गाठलेली नसताना, 1585 मध्ये हाचिमान टेकडीवर किल्ला बांधला, आझुचीतील लोकांना आणि व्यापाऱ्यांना पायथ्याशी वसवले आणि किल्ल्याचा खंदक थेट बिवा सरोवराला जोडून घेतला. खंदक हा एरवी शत्रूला अडवण्यासाठी असतो. इथे तो मालवाहू नावांना आत आणण्यासाठीही वापरला गेला. सरोवरातून ये-जा करणाऱ्या नावांनी हाचिमानच्या कालव्यात यावे असा दंडकच असल्याने गावाला बाजारपेठेचे रूप आले. अवघ्या दहा वर्षांनी, 1595 मध्ये, हिदेयोशीच्या रोषामुळे हिदेत्सुगुला आत्मघात करावा लागला आणि किल्लाही मोडीत निघाला. राजाश्रय गेला, पण कालवा राहिला आणि तो वापरणारी माणसेही राहिली. खांद्यावरच्या कावडीत मच्छरदाण्या, तातामीच्या चटयांचे वरचे आवरण आणि कापड घेऊन इथले व्यापारी देशभर पायी फिरले. ओमी व्यापारी म्हणून त्यांची ख्याती झाली ती अशी. विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि समाजाचेही भले, हा ‘सान्पो-योशी’ या शब्दांनी आज ओळखला जाणारा विचार त्यांच्याच व्यवहारातून आलेला मानला जातो. शिनमाची या रस्त्यावर त्यांची घरे अजून ओळीने उभी आहेत. काळपट लाकडी भिंतींच्या वरून अंगणातल्या पाइनच्या फांद्या बाहेर डोकावतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतूक रस्त्यांवर आणि रेल्वेवर गेली, तसा कालव्याचा उपयोग संपला. गाळ साचला, तण माजले, दुर्गंधी आणि डास यांमुळे काठावरचे रहिवासीच हैराण झाले आणि तो बुजवून टाकण्याची योजना तयार झाली. 1970च्या दशकात गावातील तरुण व्यावसायिकांनी त्याला विरोध केला. त्यांनी केवळ अर्ज-विनंत्या केल्या नाहीत, तर स्वतः उतरून कालवा साफ करायला सुरुवात केली. प्रारंभी गावातूनच त्यांना विरोध झाला, पण हळूहळू इतर लोकही हात लावू लागले आणि शेवटी बुजवण्याऐवजी गाळ काढण्याचे ठरले. तुम्ही आईंना घेऊन ज्या दगडी काठावर बसणार आहात तो माणसांनी असा वाचवलेला आहे. मला या गावाविषयी जे प्रेम वाटते ते या गोष्टीमुळे, चित्रासारख्या देखाव्यामुळे तितकेसे नाही.

आता होड्यांविषयी, कारण इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. होडीच्या फेऱ्या दोन प्रकारच्या आहेत आणि त्या दोन वेगळ्या जागी मिळतात. जुन्या गावातल्या कालव्यातली फेरी यांत्रिक होडीने होते आणि ती अर्ध्या तासाच्या आसपासची आहे. दुसरी ‘सुइगो-मेगुरी’. ती गावाच्या कडेला असलेल्या पाणथळ भागातून, निशिनोको तळ्याकडच्या वेतांच्या बेटांमधून जाते. तिला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तिच्यातल्या काही होड्या नावाडी अजूनही हाताने वल्हवतात. तुम्हाला हवी आहे ती ही दुसरी, हाताने वल्हवायची. नेहमीच्या फेऱ्या साधारणपणे एप्रिल ते नोव्हेंबर असतात, त्यामुळे तुमची वेळ हंगामाच्या शेवटाकडची पण योग्य आहे. नोव्हेंबरात वेत माणसाच्या दुप्पट उंच वाढलेले आणि पिवळसर तपकिरी झालेले असतात. होडी त्यांच्या अरुंद वाटेत शिरली की वल्ह्याचा आवाज आणि पाणपक्षी यांखेरीज काही ऐकू येत नाही. हिवाळ्यात हे वेत कापतात, त्यांचे पडदे आणि छपरे होतात, आणि नंतर उरलेले खुंट पेटवून देतात म्हणजे वसंतात नवे कोंब जोमाने येतात. 2006 मध्ये जपानने ‘महत्त्वाचे सांस्कृतिक भूदृश्य’ असा दर्जा देण्यास सुरुवात केली, तेव्हा देशभरातून पहिली निवड याच पाणथळ प्रदेशाची झाली. माणसाचे काम थांबले तर हे वेतही नीट राहणार नाहीत, हे ज्यांनी ओळखले त्यांचे मला मोठे कौतुक वाटते.

तेव्हा पूर्ण दिवस द्या. अर्ध्या दिवसात गाव ‘पाहून’ होईल, पण तुमच्या आईंनी मागितले आहे ते त्यात बसणार नाही.

कावेरीकाकू यांचे उत्तर

मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या तेव्हा 74 वर्षांच्या होत्या, म्हणून पायऱ्यांविषयी आणि जेवणाविषयी लिहिते.

कालव्याकाठची पायवाट रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर आहे आणि तिथे दगडी पायऱ्या उतरून जावे लागते. पायऱ्या थोड्याच आहेत, पण झिजलेल्या आहेत आणि पावसानंतर निसरड्या होतात. आम्ही एकदाच उतरलो, काठाने रमत गेलो आणि पुढे दुसऱ्या ठिकाणाहून वर आलो. उतरायचे नसेल तर हिमुरे हाचिमान देवस्थानाच्या तोरीसमोर, म्हणजे प्रवेशकमानीसमोर, असलेल्या हाकुउन पुलावरूनही कालवा दोन्ही बाजूंना दूरवर दिसतो. देवस्थान पायथ्याशीच असल्याने तिथे चढ नाही. शेजारूनच हाचिमान टेकडीवर जाणारा रोपवे निघतो आणि चार-पाच मिनिटांत वर नेतो. मात्र वर पोहोचल्यावरही किल्ल्याच्या अवशेषांमधून पायऱ्या आहेत, हे लक्षात ठेवा. आम्ही त्या विश्रांती घेत घेत चढलो, कारण वरचे झुइर्यूजी मंदिर सासूबाईंना पाहायचेच होते. हिदेत्सुगुच्या मृत्यूनंतर त्याच्या आईने संन्यास घेतला आणि मुलाच्या स्मरणार्थ हे मंदिर स्थापन केले. ते मूळचे क्योतोमधले. 1960च्या दशकात ते हाचिमान टेकडीवर, मुलाच्याच किल्ल्याच्या जागी हलवण्यात आले. ही हकीकत मी वाटेत सांगितली होती आणि सासूबाई तिथे बराच वेळ काही न बोलता उभ्या राहिल्या. तुमच्या आईंनाही गुडघे परवानगी देतील तरच न्या, पण गोष्ट मात्र अवश्य सांगा.

चोमेइजी हे सरोवराकाठचे प्रसिद्ध मंदिर याच भागात आहे, पण तिथे 808 पायऱ्या आहेत. गाडीरस्त्याने बराचसा चढ टाळता येतो, तरीही शेवटच्या शंभरेक पायऱ्या उरतातच. आझुची किल्ल्याचे अवशेष पुढच्याच स्थानकाजवळ असले तरी तिथल्या दगडी पायऱ्या उंच आणि ओबडधोबड आहेत. या दोन्हींचा मोह टाळावा.

जेवणाबाबत तुमची काळजी रास्त आहे. जपानमध्ये भाज्या, तोफू किंवा नूडल्स असलेल्या पदार्थांतही पाण्याऐवजी ‘दाशी’ वापरतात आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या चकत्यांपासून केलेली असते. ‘मांस नाही’ असे सांगितल्यावर अत्यंत आपुलकीने जे वाढले जाते त्यात दाशी असू शकते, कारण तिथे तिला मासा समजत नाहीत. मी जपानी भाषेत एक चिठ्ठी लिहून घेतली होती. त्यात मांस, मासे, माशाची दाशी यांपैकी काही चालत नाही. अंडी, दूध आणि समुद्रशैवाल चालते, असे स्पष्ट लिहिले होते. चिठ्ठी दाखवल्यावर दोन ठिकाणी नम्रपणे नकार मिळाला, तो मला प्रामाणिक वाटला. तुम्हीही सकाळी क्योतोमधून डबा घेऊनच निघा. या गावचे दोन पदार्थ चाखता आले तर पाहा. एक म्हणजे विटेसारखा लाल कोन्न्याकु, एका कंदापासून केलेली लवचीक वडी. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो, मिरचीचा नव्हे, पण तो बहुधा दाशीत शिजवलेला मिळतो, म्हणून विचारून घ्या. दुसरा ‘चोजी-फु’, म्हणजे गव्हाच्या ग्लुटेनचे वाळवलेले चौकोनी तुकडे. ते भिजवून, पिळून, काकडीबरोबर मोहरी आणि मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) आंबट मसाल्यात कालवतात. तो वाळवलेला बांधूनही मिळतो आणि वजनाला अगदी हलका असतो.

शांतवाट

बिवाकाठ आणि कावेरीकाकू, दोघांचेही मनापासून आभार. हिदेत्सुगुच्या आईची गोष्ट मी आत्ताच आईला वाचून दाखवली आणि आता तिला वरपर्यंत जायचेच आहे. आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवार असे दोन पर्याय आहेत, त्यांपैकी कोणता बरा? आणि एक रात्र तिथेच राहिलो तर दिवस अधिक सावकाश घालवता येईल का?

बिवाकाठ

मंगळवार. सोमवारी संग्रहालये बंद असण्याची शक्यता अधिक आणि शनिवारी ‘ला कोलिना’मुळे बस आणि रस्ते भरतात. गवताच्या छपराची ही मिठाईच्या दुकानाची वास्तू तेरुनोबु फुजिमोरी या वास्तुविशारदाने रचलेली असून 2015 मध्ये ती उघडल्यापासून दूरदूरचे लोक तिथे येतात. इमारत खरोखर पाहण्याजोगी आहे आणि तिथल्या बाउमकुखेन केकमध्ये अंडे असले तरी तुम्हाला ते चालते. परंतु ती सकाळी लवकर पाहावी किंवा सोडून द्यावी. शिनमाचीसाठी राखलेला वेळ तिथल्या रांगेत घालवू नये.

मुक्कामाबाबत माझे मत अनुकूल आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर तिथे पाच वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो आणि कालव्याकाठची दुकाने त्याच सुमारास बंद होतात. बाहेरचे लोक स्थानकाकडे परततात आणि गाव पुन्हा तिथल्या माणसांचे होते. सकाळी सात वाजता, शाळकरी मुले पुलावरून जात असताना आणि काठावरचे कोणी आपल्या घरासमोरची पाने झाडत असताना मी तो कालवा पाहिला आहे. दुपारचा कालवा त्याच्यापुढे काहीच नाही. जुन्या गावात राहण्याच्या सोयी मोजक्याच आहेत, स्थानकाजवळ मात्र साधी हॉटेले मिळतात. मोठ्या बॅगा क्योतोच्या हॉटेलातच ठेवून एका पिशवीनिशी या. रात्रीचे जेवण मात्र आधीच ठरवून ठेवा, कारण संध्याकाळनंतर जुन्या गावात शाकाहारी माणसाला काही मिळेल यावर विसंबून राहता येणार नाही.

दगडविटा यांचे उत्तर

वास्तुकलेचा विद्यार्थी म्हणून गेलो होतो, त्यामुळे एक भर घालावीशी वाटते. व्यापाऱ्यांच्या घरांसोबतच गावात विल्यम मेरेल वोरीस यांच्या इमारती विखुरलेल्या आहेत. हे अमेरिकन गृहस्थ 1905 मध्ये इथल्या व्यापारी शाळेत इंग्रजी शिकवायला आले. त्यांच्या बायबल वर्गामुळे दोनच वर्षांत नोकरी गेली, तरी त्यांनी गाव सोडले नाही. वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण नसताना त्यांनी त्याच व्यवसायात नाव कमावले, मेंथोलेटम मलमाचा व्यवसाय जपानमध्ये रुजवला, 1941 मध्ये जपानी नागरिकत्व घेतले आणि 1964 मध्ये याच गावात त्यांचे निधन झाले. ओसाकातल्या शिन्साइबाशी भागातल्या दाइमारू दुकानाची मूळ इमारत त्यांचीच. पण मला त्यांचे 1921 मधले हाचिमानचे जुने टपाल कार्यालय अधिक आवडले, कारण त्या लहानशा इमारतीचा दर्शनी भाग वेगळ्या शैलीचा असूनही शेजारच्या लाकडी घरांना दडपत नाही. सुरुवात हाकुउनकानपासून करा. ही 1877 मधली शाळेची इमारत आहे, आता तिथे पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे आणि गावाचा नकाशा मिळतो.

आणखी एक विनंती. शिनमाचीतल्या अनेक घरांत आजही कुटुंबे राहतात. दार उघडे दिसले म्हणून आत डोकावू नये, अंगणाचे छायाचित्र घेऊ नये, आणि चालताना आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवावा. कचऱ्याचे डबे जवळपास कुठेही नाहीत, तेव्हा डब्याचे कागद टाकण्यासाठी एक रिकामी पिशवी जवळ असू द्या.

कावेरीकाकू

होडीत चढण्या-उतरण्याविषयी मघाशी लिहायचे राहून गेले. हाताने वल्हवायच्या होडीला बसण्याची जागा अगदी खालच्या पातळीवर असते. चपला काढून, तळाशी अंथरलेल्या बैठकीवर पाय दुमडून किंवा पसरून बसावे लागते. सासूबाईंना बसताना त्रास झाला नाही, उठताना झाला. नावाड्याने एक हात दिला आणि मी मागून आधार दिला, तेव्हा त्या उठल्या. तुमच्या आईंना जमिनीवरून उठण्याचा सराव असेल तर काही अडचण नाही. नसेल तर आरक्षण करतानाच खुर्ची किंवा उंच बैठक मिळेल का ते विचारून घ्या. हे आरक्षण क्योतोच्या हॉटेलातील स्वागतकक्षाला फोन करायला सांगून करावे. होडीच्या संस्था अनेक आहेत आणि त्यांचे धक्के वेगवेगळ्या जागी आहेत, म्हणून धक्क्याचे नाव आणि जवळचा बसथांबा त्यांच्याकडून जपानी लिपीत कागदावर लिहून घ्या. तो कागद बसच्या चालकाला दाखवला की योग्य थांब्यावर तो तुम्हाला सांगतो. पाण्यावर वारा गार असतो, तेव्हा आईंच्या गुडघ्यांवर घ्यायला एक शाल वेगळी ठेवा.

शांतवाट

मंगळवार नक्की केला आणि स्थानकाजवळच्या हॉटेलात एक खोलीही घेतली. पहिल्या दिवशी दुपारी होडी आणि संध्याकाळी कालवा, दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा कालवा आणि मग रोपवेने वर, असा क्रम ठरला आहे. आई कालपासून जमिनीवर बसून हात न टेकता उठण्याचा सराव करते आहे. परत आल्यावर वेतांचे रंग आणि तिच्या गुडघ्यांची हकीकत इथेच लिहीन.